पाल्य

चौथी ‘ब’चा ग्रुप मी जूनमध्ये काढला.
डीपीला शाळेचं फाटक,
त्यावर कुणीतरी खडूनं काढलेलं एका पंखाचं विमान.
सदतीस मुलं, एकतीस नंबर.
त्यातले चार बंद,
एक कुठल्याशा सुपरवायझरचा. तो म्हणाला,
मॅडम, ती माणसं गेली, स्लॅब पडला तसं.

मी लिहायची : पालकांनी नोंद घ्यावी.
खाली अंगठे यायचे, पिवळे, गुबगुबीत.
आपला पाल्य आज अनुपस्थित आहे.
अंगठा.
आपला पाल्य सलग तीन दिवस अनुपस्थित आहे, कारण कळवावे.
अंगठा.
ऑफिसातून फोन आला, वा, प्रतिसाद छान आहे तुमचा,
स्क्रीनशॉट पाठवून द्या.

खरंतर मला कळायला हवं होतं.
माझ्या आईनंच रेशनच्या दुकानात अंगठा शाईत बुडवलाय
आणि घर येईपर्यंत पदराला पुसत राहिलीय,
मी शेजारून चालत होते, दप्तर घेऊन.

शनिवारी गुलटेकडीला भाजी घेताना
यल्लव्वा धोत्रे दिसली, मल्लिकाची आई.
पुढ्यात कोथिंबिरीचा ढीग, कमरेला खोचलेला फोन.
“बाई, ते पाल्य पाल्य काय असतंय वो?
मला वाटलं पाला. भाजीचा.
म्हटलं शाळेला बी लागतोय का काय.”
हसली. मी पण हसले.
मग जुड्यांवर पाणी मारता मारता, माझ्याकडे न बघता,
“बाकीच्या करतात म्हणून मी पण अंगठा करते रोज.”
सुट्टे घ्यायचे राहिलेच माझे.

त्या रात्री लिहिलेलं सगळं पुसलं.
बोलायचं तर अंगठा दाबून धरावा लागतो,
सोडला की गेलं.
“मल्लिकाच्या आई, उद्या पाठवा तिला.
तिच्या डब्यातली भाकरी खाणारी तेजल
तीन दिवस रुसून बसलीय.”
अकरा सेकंद. दोनदा घसा खाकरलेला.

उत्तर पहाटे चारला. सव्वा मिनिटाचं.
पोरीला ताप होता, एवढंच तिचं,
बाकी मागचा लिलाव :
शेकडा साडेसहाशे, साडेसहाशे, बोला,
आणि कुणाची तरी हातगाडी, कुणाची तरी आई-बहीण.
शिव्यांच्या आधी थांबवून
मी ते वर्गात ऐकवलं. शंभर जुड्या साडेसहाशेला,
तर एक केवढ्याला?
आईचा आवाज भिंतीवरून येताना ऐकून
मल्लिका ताठ बसली होती.
“साडेसहाला. पण आई दहाला विकती.
वीसेक जुड्या सडतात ना, बाई.”
पुस्तकातल्या गणितात काहीच सडत नाही.
आम्ही उरलेला तास त्या वीस जुड्यांवर घालवला.

आता ग्रुपवर आवाज येतात.
हमीदा तांबोळींचा, शिलाई मशीन न थांबवता.
बाणेरच्या एका काचेच्या इमारतीखालून
रात्रपाळीचे दशरथ लोखंडे
पोराला पंधराचा पाढा कुजबुजत म्हणून दाखवतात,
पंधरा नव्वे एकशे पस्तीस,
आणि मध्येच, गुड इव्हनिंग सर.
एक आजोबा रोज गुलाब पाठवतात, त्यांना काय सांगणार?
सत्तावीस-अठ्ठावीस तारखेला सगळं शांत होतं,
डेटा संपतो, पगार व्हायचा असतो.
तनिष्काच्या घरचा एकुलता फोन
बापाबरोबर चाकणला जातो.
तिला मी अजून चिठ्ठीच देते,
दप्तराच्या आतल्या कप्प्यात, चार घड्या घालून.

पालक सहभागाचा तक्ता भरायला घेतला,
तर आवाजाला त्यात रकाना नाही.
‘इतर’मध्ये टाका, ऑफिस म्हणालं.

आज सकाळी सात दहाला, नऊ सेकंद,
मागं कावळे आणि टेम्पोचा रिव्हर्स हॉर्न :
“बाई, पाल्य निघालंय.
डबा हितंच विसरून गेलंय बघा.”